दारू आधी की कर्ज आधी?

विदर्भातील खेड्यांमधली गरिबी, व्यसन आणि त्यांच्या सोबतीने येणारे नैराश्य यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. गावात एखाद्या कास्तकाराने जीव दिला की संध्याकाळपर्यंत पारावर निकाल लागलेला असतो, ‘दारूपायी गेला.’ घरचे म्हणतात, कर्जापायी गेला. यातले खरे कारण कोणते? आधी काय येते, दारू की कर्ज?

उत्तर : दोन्ही बाजू बहुधा खरेच बोलत असतात, पण दोघांनाही एकच कारण हवे असल्यामुळे वाद मिटत नाही. या एका कारणाच्या आग्रहाला सरकारी कागदानेही खतपाणी घातले आहे. मृत शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळायची, तर नापिकी, बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा या गोष्टी जिल्हा समितीपुढे सिद्ध व्हाव्या लागतात. कृषी केंद्राची उधारी, मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले पैसे, परवाना नसलेल्या सावकाराने वहीत लिहिलेला आकडा या गोष्टी त्या मोजमापात बसत नाहीत; आणि पंचनाम्यात ‘व्यसनी होता’ असा शेरा पडला की प्रकरण ‘अपात्र’कडे झुकू लागते. त्यामुळे घरचे लोक दारूचे नाव घ्यायला कचरतात आणि गावातले लोक, काही वेळा जुन्या भांडणाच्या रागाने, ते मुद्दाम घेतात.

अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांनी 2006 साली राज्य सरकारसाठी केलेल्या अभ्यासात वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्या झालेल्या 111 कुटुंबांची माहिती घेतली होती. त्यात सुमारे 86 टक्के ठिकाणी कर्जबाजारीपणा आढळला, जवळपास तीन चतुर्थांश ठिकाणी घराची आर्थिक स्थिती खालावलेली होती, निम्म्याहून अधिक ठिकाणी घरात तंटे होते आणि सुमारे 28 टक्के ठिकाणी व्यसन होते. हे आकडे मिळून शंभर होत नाहीत, कारण एकाच घरात यांपैकी अनेक गोष्टी एकदम नांदत होत्या. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे.

उरलेले अर्धे कोरडवाहू कापसाच्या वर्षात आहे. मृगाच्या सुमारास बियाणे आणि खत उधारीवर येते, पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणीची दुसरी उधारी चढते, मग फवारणीची तिसरी. 2017 सालच्या हंगामासारखी गुलाबी बोंडअळी आली, तर पऱ्हाटी उभी असूनही हातात काही पडत नाही. चांगल्या वर्षीसुद्धा रोख रक्कम येते ती वेचणीनंतर काही आठवडे, आणि ती चुकाऱ्याच्या दिवशीच वाटली जाते. अशा घरातल्या माणसाला या मधल्या महिन्यांत काळजी करण्यासारखे पुष्कळ असते. दारू त्या वेळी खरोखरच उपयोगी पडते, हे मान्य केल्याशिवाय ती का सुटत नाही ते कळणार नाही. अंगदुखी थांबते, झोप लागते, दारात आलेल्या वसुलीवाल्याची लाज तासभर विसरायला होते. काही महिन्यांत मात्र तीच दारू झोप मोडू लागते, उदासी वाढवते आणि क्षणिक झटक्यात टोकाचे काही करून बसण्यापासून माणसाला अडवणारा विवेक सैल करते. मजुरी बुडते, बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते आणि नवे कर्ज उभे राहते.

दारूमुळे गरिबी वाढते याचा एक चांगला पुरावा चेन्नईतून मिळाला आहे. फ्रँक शिल्बाक या संशोधकाने तेथील सायकलरिक्षा चालकांना दिवसा दारू न घेता संशोधन केंद्रात येण्याबद्दल रोज थोडे पैसे दिले, तेव्हा त्यांची दैनंदिन बचत सुमारे निम्म्याने वाढली. गरिबीमुळे नैराश्य वाढते याचाही तितकाच चांगला पुरावा आहे; तो पुढच्या एका उत्तरात दिला आहे. तेव्हा ‘आधी काय’ हा प्रश्न एखाद्या विशिष्ट घरापुरता सोडवता येईल, गावापुरता नाही. माझा आक्षेप ‘दारूपायी गेला’ या विधानाच्या खरेपणाला नाही. ते म्हटले की चौकशी थांबते, याला आहे. तो कधीपासून पीत होता, कोणत्या हंगामानंतर प्रमाण वाढले, उधारीवर दारू कोण देत होते, त्याला कोणी दवाखान्यात नेले होते का, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. उलट बाजूने, सहानुभूतीपोटी दारूचा उल्लेखच टाळणाऱ्या कार्यकर्त्यांनीही नुकसानच केले आहे, कारण त्या घरातल्या बाईने वर्षानुवर्षे जे सोसले तेही त्या मौनात गडप होते.

प्रश्न : माझे यजमान रोज पितात. सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या घ्यावीच लागते. ‘नकळत चहात मिसळा, दारू सुटेल’ अशी पावडर बाजारात मिळते. ती द्यावी का? ते स्वतः म्हणतात की पोळ्यापासून एका झटक्यात सोडतो.

उत्तर : ताई, चहात नकळत काहीही मिसळू नका. अशा पुड्यांत नेमके काय आहे हे बहुतेक वेळा वेष्टणावरून कळत नाही. त्यात डायसल्फिरॅमसारखे औषध असले आणि त्यावर त्यांनी दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे प्रकार होतात आणि आधीच यकृत किंवा हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला आधी सगळे समजावून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करून देतात. शिवाय त्यांना एकदा हे कळले की तुमच्या हातचा चहा ते घेणार नाहीत, आणि उपचाराला ज्या विश्वासाची गरज आहे तोच जाईल.

एका झटक्यात सोडण्याचा त्यांचा विचार चांगला आहे, पण तो घरी अमलात आणू नये. सकाळी हात थरथरणे आणि घेतल्यावर थांबणे, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झाले आहे. असा माणूस अचानक थांबला तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होणे, नसलेली माणसे दिसणे, ताप, प्रचंड घाम अशी अवस्था येऊ शकते. गावात याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात आणि उपचारांचे मोलाचे तास जातात. ही अवस्था वेळेवर उपचार न मिळाल्यास प्राणघातक ठरते; रुग्णालयात मात्र ती साध्या, स्वस्त औषधांनी आणि थायमिन या जीवनसत्त्वाने टाळता येते. पोळ्याची वाट न पाहता त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, आणि रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली हे डॉक्टरांना खरे सांगा. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही केंद्र सरकारची नि:शुल्क दूरध्वनी सेवा आहे.

दवाखान्यातून आल्यावर ते पुन्हा प्यायले, तर सगळे फुकट गेले असे समजू नका. हा आजार उलटतो, आणि उलटल्यावर पुन्हा उपचार घेणे हाही उपचाराचाच भाग आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालवला. त्यामागचा विचार असा की नवरा सुधारो न सुधारो, बायकोला स्वतःसाठीही आधार लागतो. अल-अनॉन या नावाने व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या सभा अनेक शहरांत भरतात. आणि मारहाण होत असेल, तर ती आजाराचे लक्षण म्हणून सहन करायची गोष्ट नव्हे. 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा तातडीच्या वेळी 112 वर फोन करा.

प्रश्न : पुण्याहून एक निवृत्त अधिकारी. कर्जमाफी द्या, अनुदान द्या. शेवटी पैसा दारूच्या गुत्त्यातच जातो. मग करदात्याने तो का द्यावा?

उत्तर : काही घरांत तो जातो, हे खरे आहे. पण धोरण काही घरांवरून ठरत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देण्याची योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे मदत मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या भागांची तुलना करता आली. मदत मिळालेल्या भागांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी कमी झाले. पैसा हाती आला की माणूस पितोच, हे गृहीतक यात बसत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या तमिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या अभ्यासात तर असे दिसले की तोच शेतकरी तोडणीआधी, हाती पैसा नसताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत तोडणीनंतरच्या मानाने कमी पडतो. टंचाई डोक्याचा मोठा भाग अडवून ठेवते.

कर्जमाफीबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. ती बँकेच्या खातेदाराला मिळते. 2022 साली देशात शेतीक्षेत्रातील ज्या 11,290 व्यक्तींच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत 5,207 शेतकरी होते आणि 6,083 शेतमजूर. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांच्यापर्यंत माफी कशी पोहोचणार?

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्याकडे 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 साली उठली. गावातल्या बायांना पुन्हा बंदी हवी आहे, पण पुरुष म्हणतात की बंदीत उलट महाग आणि विषारी दारू प्यावी लागते. दारूबंदीचा उपयोग होतो की नाही?

उत्तर : तुमच्या जिल्ह्यातील बंदी बायकांनीच मोर्चे आणि पदयात्रा काढून मिळवली होती आणि ती उठवताना सरकारने अवैध विक्री व वाढती गुन्हेगारी हे कारण दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. जिल्ह्याच्या एका अंगाला दारू विकणारा यवतमाळ, दुसऱ्या अंगाला नागपूर आणि दक्षिणेला तेलंगणाची सीमा असताना पोलिसांच्या भरवशावर पाणी अडवता येते, पण दारू अडत नाही. दुचाकीवरून पव्वे आणणारी पोरे तयार होतात, आणि दारूने जी मुले बिघडली नसती ती दारूच्या धंद्याने बिघडतात.

तरीही ‘बंदी फसते’ असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून आणि गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. गडचिरोलीची बंदी आदिवासी गावांनी आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अनेक वर्षे लावून धरलेल्या चळवळीतून आली. पण तेथेही कायदा झाल्यावर काम संपले नाही; 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू करावा लागला, ज्यात गावोगावच्या समित्या, तालुका पातळीवरचे उपचार आणि अंमलबजावणीचा पाठपुरावा या गोष्टी एकत्र आहेत, आणि दारूसोबत तंबाखू व खर्राही धरला आहे. खर्ऱ्याचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण मजुरीतले रोजचे पैसे त्यावरही जातात आणि त्याबद्दल ‘घर बुडाले’ असे कोणी म्हणत नाही.

तुमच्यापुरता व्यवहार्य मार्ग ‘आडव्या बाटली’चा आहे. गावातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घेता येते, आणि एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की परवानाधारक दुकान बंद होते. निम्म्याहून अधिक ही अट झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण यादीच्या हिशेबाने आहे. म्हणून कापूस वेचणीच्या किंवा भात कापणीच्या दिवसांत मतदान ठेवू देऊ नका आणि बाहेरगावी दिलेल्या लेकींची नावे यादीत तशीच राहिली असतील तर आधी ती दुरुस्त करून घ्या. हातभट्टीवर मात्र या मताचा काही अंमल चालत नाही. आणि दुकान बंद होईल त्या आठवड्यात गावात थरथरणारे, फिट येणारे लोक असतील; त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. ही तयारी जवळजवळ कोणीच करत नाही.

प्रश्न : मूळचा अकोल्याचा, गेली अनेक वर्षे ओहायोत राहतो. येथील लहान गावांत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने झालेले मृत्यू पाहिले. आपल्याकडच्या स्थितीशी हे जुळते का?

उत्तर : काही अंशी जुळते. अॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञांनी 2015 साली दाखवून दिले की अमेरिकेत पदवी नसलेल्या मध्यमवयीन गोऱ्यांचे मृत्यू 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत आहेत, आणि त्यामागे अमली पदार्थ, दारूने होणारा यकृताचा आजार व आत्महत्या ही तीन कारणे आहेत. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणींतली कामे गेली होती, पण केवळ बेकारीने एवढे लोक मेले नसते. 1996 साली ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक बाजारात आले आणि ते कमी व्यसनकारक असल्याचा प्रचार झाला. त्याबद्दल ते बनवणाऱ्या कंपनीने 2007 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या राज्यातील सुमारे चारशे वस्तीच्या कर्मिट या गावात दुसऱ्या एका वेदनाशामकाच्या जवळपास नव्वद लाख गोळ्या दोन वर्षांत पोहोचवल्या गेल्या होत्या. खचलेला माणूस सगळीकडे असतो. त्याच्या दारात काय आणून ठेवले आहे, यावर पुढचे बरेच ठरते. आपल्याकडे त्या दारात एका बाजूला देशीचे दुकान असते आणि दुसऱ्या बाजूला फवारणीचे औषध.

फरकही मोठा आहे. तेथे व्यसनानेच माणसे दगावली. आपल्याकडे व्यसन बहुतेकदा कर्ज, घरातले तंटे आणि मानहानी यांच्यासोबत येते, म्हणून नुसत्या व्यसनमुक्ती केंद्रांनी येथे भागणार नाही.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यात आशा सेविका आहे. एखादा माणूस खचलेला दिसतो, पितोही. त्याला ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे विचारले तर नसलेली गोष्ट त्याच्या डोक्यात घालू, अशी भीती वाटते. नेमके काय करावे?

उत्तर : असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, कोणीतरी विचारले म्हणून बहुतेकांना हायसेच वाटते. फक्त सुरुवात ‘डिप्रेशन’ या शब्दाने करू नका. ‘झोप लागते का, जेवण जाते का, वावरात जायचे मन होते का’ येथून सुरू करा आणि मग सरळ विचारा, ‘जगू नये असे वाटते का? तसे काही करायचे ठरवले आहे का?’ तुमच्याच जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून हे काम करून घेतले, तेव्हा दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या चाचणीतही डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी काही मोजक्या भेटींत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना आटोक्यात येण्यास मदत केली होती. तीन महिन्यांनी तसे आटोक्यात आलेले 36 टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्यांत 26 टक्के. तेव्हा ‘मी काही डॉक्टर नाही’ हा संकोच बाजूला ठेवायला हरकत नाही.

त्या घरात फवारणीचे औषध कोठे ठेवले आहे ते पाहा. ते घराबाहेर कुलुपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला सांगा आणि रिकामे डबेही घरात राहू देऊ नका. हे वरवर क्षुल्लक वाटते, पण श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण 1995 नंतर सुमारे 70 टक्क्यांनी घटले. टोकाचा क्षण अनेकदा थोड्याच वेळाचा असतो.

टेली मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मराठीतून आणि नि:शुल्क चालतो. त्याच्यासमोरच लावून द्या, नंबर लिहून देऊन निघून येऊ नका. त्याने काही ठरवले आहे असे कळले, तर त्याला एकटे सोडू नका, घरातल्या एका जबाबदार माणसाला सोबत घ्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करण्याची तरतूद केली आहे, हे त्यांना सांगा. आणि घरच्यांना एक गोष्ट बजावून ठेवा : तो पिऊन आलेला असेल त्या रात्री कर्जाचा, मुलीच्या लग्नाचा किंवा विकायच्या बैलाचा विषय काढू नका, ही बोलणी सकाळी, चहानंतर होऊ द्या.